फोनला डॅक जोडण्याआधी आणि जोडल्यावर

दिवाळीत भाचा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी आला तो खिशातून काडेपेटीएवढी डबी काढतच. ‘मामा, एवढे पैसे घालून डॅक घेतला, पण आवाज तर होता तसाच येतोय.’ हेडफोन हातात घेऊन पाहिला तर त्याला वायरच नाही. डबी फोनच्या बुडाला लटकलेली आणि गाणं ब्लूटूथने परस्पर कानात पोचतंय. डबीला त्या गाण्याचा पत्ताही नव्हता.

हसू आलं, पण हा घोटाळा बरेच जण करतात, म्हणून सुरुवात इथूनच. ब्लूटूथ हेडफोनच्या आत स्वतःचा डॅक, म्हणजे आकड्यांतल्या गाण्याची वीज करणारा भाग, आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे त्या विजेला ताकद देणारा भाग, असतो. फोन त्याला हवेतून आकडे पाठवतो, पुढचं सगळं हेडफोनच्या पोटात होतं. त्यामुळे फोनला कितीही भारी डबी लावली तरी ब्लूटूथच्या आवाजात तसूभर फरक पडत नाही. तुमच्याकडे वायरचा हेडफोन किंवा इअरफोन असेल तरच पुढचं वाचा. नसेल तर आधी तो घ्या. पैसे मोजकेच असतील तर त्यातला मोठा वाटा हेडफोनवर घालवा, डबीवर नाही. मी स्वतः उलट केलं होतं आणि वर्षभर चांगल्या डबीतून वाईट इअरफोन ऐकत बसलो होतो.

डबी करते काय

फाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली मापं, प्रत्येक माप १६ बिटांचं. हेडफोनच्या पडद्याला आकडे कळत नाहीत, त्याला कमीजास्त होणारा विजेचा दाब लागतो. आकड्यांचा दाब करणारा भाग म्हणजे डॅक, आणि त्या दाबाला पडदा हलवण्याइतकी ताकद देणारा भाग म्हणजे अ‍ॅम्प. खिशात मावणाऱ्या डबीत हे दोन्ही एकत्र असतात.

हेडफोन खुपसायचं भोक, म्हणजे जॅक, असलेल्या फोनमध्येही हे दोन्ही असतातच. २०१६ साली आयफोन ७ ने जॅक काढून टाकला, मग एकेक करत इतरांनीही काढला, आणि फोनच्या आतलं काम बाहेरच्या तुकड्याकडे आलं. सी-टाइपला लावायचा तो छोटा डोंगल म्हणजे एक डॅक-अ‍ॅम्पच. म्हणजे तुम्ही ‘पहिला डॅक’ घेत नसता, आहे त्याच्या जागी दुसरा लावत असता. हे लक्षात राहिलं की दुकानदाराच्या निम्म्या गप्पा आपोआप गळून पडतात.

गरज आहे का, ते आधी पाहा

आहे तो हेडफोन आहे त्या फोनला लावा, नेहमीचं गाणं लावा आणि आवाज किती चढवावा लागतो ते बघा. निम्म्या-पाऊण आवाजात मन भरत असेल, मधल्या शांततेत खरखर येत नसेल, तर अ‍ॅम्पची गरज नाही. सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खा, पैसे सत्कारणी लागतील. आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेऊनही गाणं लांबून आल्यासारखं वाटतं, किंवा गाणं थांबलं की कानात ‘सूंऽऽ’ येतं, किंवा फोनला जॅकच नाही, या तीन कारणांपैकी एखादं असेल तर पुढे जा.

आता हेडफोनचं खोकं शोधा. त्यावर दोन आकडे असतात आणि सगळा निर्णय त्या दोन आकड्यांवर आहे. एक ओहममध्ये, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो. दुसरा डेसिबलमध्ये, म्हणजे दिलेल्या ताकदीत तो किती मोठ्याने वाजतो. नुसते ओहम पाहून ‘हा जड, हा हलका’ ठरवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका, दोन्ही आकडे लागतात.

हिशोब शाळेतलाच आहे. दाबाचा वर्ग भागिले ओहम म्हणजे ताकद. समजा डोंगल जास्तीत जास्त १ व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या इअरफोनला त्यातून साधारण ३१ मिलिवॅट मिळतात, ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३.३. ताकद दहापट झाली की आवाज १० डेसिबलने वाढतो, दुप्पट झाली की ३ ने. इअरफोनवर ‘१ मिलिवॅटला १०० डेसिबल’ लिहिलं असेल, तर ३१ मिलिवॅटला तो ११५ डेसिबलपर्यंत जाईल. कान फाटतील. ३०० ओहमच्या हेडफोनवर ९७ लिहिलं असेल, तर तो १०२ पर्यंत पोचेल. हा आकडा गाण्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणाचा. शास्त्रीय गायनात सरासरी आवाज त्याच्या खूप खाली असतो, म्हणून असा हेडफोन १ व्होल्टवर वाजतो खरा, पण हात आखडता घेतल्यासारखा. २ व्होल्ट देणारा डोंगल लावला की आणखी ६ डेसिबल मिळतात आणि प्रश्न मिटतो.

यात एक खोच आहे. काही कंपन्या डेसिबलचा आकडा मिलिवॅटला देतात, काही व्होल्टला. ३२ ओहमच्या इअरफोनमध्ये या दोन मापांत १५ डेसिबलचं अंतर पडतं. एका खोक्यावर ११५ आणि दुसऱ्यावर १०० दिसलं म्हणून पहिला जोरकस समजू नका, दोघे एकसारखेही असू शकतात. आकड्यापुढचं एकक वाचा.

तिसरा आकडा डबीचा असतो, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे डबीचा स्वतःचा अडथळा, तोही ओहममध्ये. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा, असा ठोकताळा आहे. ३२ ओहमला ४ च्या आत. बहुतेक नवे डोंगल याच्या खूप खाली असतात. हा आकडा मोठा असला आणि इअरफोनमध्ये एकाहून जास्त ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असले, तर खर्ज किंवा वरचे स्वर उगाच फुगतात किंवा दबतात.

कोणती डबी

ढोबळ मानाने तीन जाती. पहिली डोंगल, बोटाएवढा, स्वतःची बॅटरी नाही, फोनची वीज पितो. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. हजार-दीड हजारांत मिळणारे साधे डोंगलसुद्धा इतके स्वच्छ वाजतात की त्यांच्यात आणि दहापट किमतीच्या डबीत फरक सांगताना भल्याभल्यांची दमछाक होते. जास्त पैसे लागतात ते ताकदीचे, बटणांचे आणि दिखाव्याचे.

दुसरी जात बॅटरीवाल्या ठोकळ्यांची. फोनपाठीला रबराने बांधून फिरणारे लोक तुम्ही पाहिले असतील. २५०-३०० ओहमचे किंवा कमी संवेदनशील प्लेनर, म्हणजे पातळ सपाट पडद्याचे, हेडफोन असतील तर यांचा उपयोग. नाहीतर खिशाला ओझं.

तिसरी जात मला व्यक्तिशः आवडते, ती ब्लूटूथ रिसीव्हरची. फिओच्या बीटीआर मालिकेतले किंवा क्युडेलिक्सचा ५के हे त्यातले माहितीतले. फोनशी ब्लूटूथने बोलतो, पण वायरचा हेडफोन याच्या जॅकमध्ये जातो. गाणं दाबून ब्लूटूथवरून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात, त्यातला एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत पाठवू शकतो. फोन बॅगेत, डबी सदऱ्याला अडकवलेली, वायर हातभर. हवं तेव्हा केबलने जोडला तर साधा डॅक म्हणूनही चालतो.

खरेदी जेल रोडला करणार असाल तर एक युक्ती. बाजारात सी-टाइप ते ३.५ मिलिमीटर जॅक अशा लहान वायरी मिळतात, त्यातल्या काहींत डॅक नसतोच, नुसती तार असते. सी-पोर्टमधून थेट आवाज सोडणाऱ्या मोजक्याच फोनवर त्या चालतात, बाकीच्यांवर मुक्या. मला एका दुकानदाराने ‘भिया, सब में चलेगा’ म्हणत अशीच एक दिली होती, आणि घरी आल्यावर ती एकाही फोनवर चालली नाही. तेव्हापासून मी लॅपटॉप सोबत नेतो. वायर लॅपटॉपला लावायची. साउंडच्या यादीत नवं उपकरण उमटलं, तर आत डॅक आहे. काहीच उमटलं नाही, तर परत द्यायची. दहा सेकंदांचं काम, दुकानदार तोंड वाकडं करेल तर करो.

माइकचंही विचारून घ्या. कित्येक चांगल्या डोंगलवर इअरफोनचा माइक चालत नाही, आणि ते कळतं ऐन फोनवर बोलताना.

जोडणी

क्रम सांगतो, तसाच ठेवा. आधी फोनचा आवाज तळाला आणा. मग हेडफोन डबीत घाला, डबी फोनला लावा, गाणं सुरू करा, आणि मगच हेडफोन कानावर चढवून आवाज हळूहळू वाढवा. हेडफोन कानावर ठेवून डबी लावली तर ‘फट्’ असा ठोका बसतो, आणि कधी आधीचा आवाज चढलेला राहिला तर ठोक्यावर भागत नाही.

काहीच वाजलं नाही तर घाबरू नका. ओप्पो, विवो, रियलमी, वनप्लस यांच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी नावाची, बाहेरचं उपकरण फोनला जोडू देणारी कळ सेटिंगमध्ये बंद असते, आणि चालू केली तरी दहा मिनिटं काही न लावल्यास ती आपोआप बंद होते. डॅक बिघडला असं समजून परत करणाऱ्यांपैकी काहींची तरी अडचण एवढीच असते. दुसरा संशयित केबल. चार्जरसोबतच्या काही केबलमधून फक्त वीज जाते, आकडे जात नाहीत. डबीसोबत आलेलीच केबल वापरा. जुन्या मायक्रो-यूएसबी डबीला ओटीजी केबलच लागते. आयफोन १५ पासून सी-पोर्ट आहे, सरळ लावा. त्याआधीच्या आयफोनला लाइटनिंगचा अ‍ॅडॅप्टर मधे लागतो.

डबीवर गेन, म्हणजे अ‍ॅम्पने आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारी कळ असेल तर ती ‘लो’वर ठेवा. इअरफोनला ‘हाय’ची गरज जवळपास कधीच पडत नाही, आणि हायवर संवेदनशील इअरफोनमध्ये खरखर ऐकू यायला लागते. डबीला स्वतःचं आवाजाचं चाक असेल तर फोनचा आवाज पूर्ण चढवून बाकीचं चाकावर सांभाळा.

आता धोक्याची गोष्ट, ही नीट वाचा. काही डबींना दोन भोकं असतात, ३.५ मिलिमीटरचं नेहमीचं आणि ४.४ मिलिमीटरचं ‘बॅलन्स्ड’. बॅलन्स्डमध्ये डाव्या-उजव्या कानाच्या परतीच्या तारा वेगळ्या असतात, दाब दुपटीपर्यंत मिळतो. नेहमीच्या हेडफोनमध्ये मात्र त्या दोन तारा एकत्र जोडलेल्या असतात. म्हणून ३.५ च्या हेडफोनला अ‍ॅडॅप्टर लावून तो ४.४ च्या भोकात कधीही घालू नका. अ‍ॅम्पच्या दोन बाजू एकमेकींना भिडतात आणि डबी जळू शकते. उलट दिशेने, म्हणजे ४.४ वाला हेडफोन योग्य अ‍ॅडॅप्टरने ३.५ मध्ये, चालतं.

सेटिंगची थोडी खटपट

अँड्रॉइड बहुतेक वेळा सगळे आवाज एकत्र कालवून ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० मापांवर, आणतो. सीडीच्या ४४.१ चं गाणं त्यात बदलतं. ऐकू येण्याइतका फरक पडतोच असं नाही, माझ्या कानाला तरी क्वचितच. तरीही आकडे जसेच्या तसे डबीपर्यंत जावेत अशी हौस असेल तर डॅकशी थेट बोलणारं प्लेअर अ‍ॅप लागतं. अँड्रॉइड १४ पासून तशी सोय खुद्द अँड्रॉइडमध्येही आली, पण अ‍ॅपने ती वापरली तर. अशा थेट मार्गात फोनच्या आवाजाच्या कळा कधी कधी निकामी होतात आणि गाणं पूर्ण जोरात सुटतं. पहिल्यांदा करताना हेडफोन टेबलावर ठेवा, कानात नाही.

आयफोनला यातलं काही करावं लागत नाही. अ‍ॅपल म्युझिकमध्ये लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं गाणं, चालू करा. ४८ किलोहर्ट्झच्या वरच्या फाइलींसाठी बाहेरचा डॅक लागतो, असं अ‍ॅपलच सांगतं. विंडोजमध्ये साउंड सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट म्हणून डबी निवडा, नाहीतर लॅपटॉपचे स्पीकरच वाजत राहतील. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती मापं ते, बदलता येतो.

गाणं कुठून आणता हेही बघा. फुकटच्या व्हिडिओतलं दाबून लहान केलेलं ध्वनिमुद्रण डॅक सुधारू शकत नाही, उलट त्याचे दोष जास्त स्वच्छ दाखवतो. शिवाय सत्तरच्या दशकापर्यंतची बहुतेक हिंदी चित्रपटगीतं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी, आहेत. लताबाई आपल्या इंदूरच्या, १९२९ चा जन्म, त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत ‘डॅक लावल्यावर वाद्यं डावी-उजवीकडे पसरली’ असं कोणी सांगू लागला, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

फरक ऐकायचा कसा

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळी फसगत इथेच होते. दोन उपकरणांपैकी जे किंचित मोठ्याने वाजतं, ते कानाला जास्त चांगलं वाटतं. एखाद्या डेसिबलचा फरकसुद्धा ‘मोठ्याने’ असा जाणवत नाही, ‘भरदार’ असा जाणवतो. नवी डबी जुन्या फोनपेक्षा जोरात वाजतेच, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक डबी चमत्कार वाटते.

आवाज सारखा करायला घरातला साधा मल्टिमीटर पुरतो. फोनवर ५० किंवा ६० हर्ट्झचा एकसुरी टोन लावा, हेडफोन जोडलेला असतानाच जॅकच्या दोन टोकांमधला एसी व्होल्टेज मोजा, आणि दुसरं उपकरण त्याच आकड्यावर आणा. वायरी उघड्या करायची भीती वाटत असेल तर दुसऱ्या माणसाला बसवा, जमेल तितका सारखा आवाज करायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. मी आणि भाच्याने दुपारभर हा खेळ केला. आमच्या सौभाग्यवतींनी पाचही वेळा जे मोठ्याने वाजत होतं तेच पसंत केलं. मल्टिमीटरने आवाज सारखा केल्यावर म्हणाल्या, ‘दोन्ही एकच आहेत, मला स्वयंपाक आहे.’

गाणं निवडताना ढोलताशे, धडाड-धूम असलं काही नको. विलंबित ख्याल लावा. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झूमरा तालात इतकं सावकाश गात की तबल्याच्या दोन मात्रांमध्ये तानपुरा आणि श्वास ठळक ऐकू येतात. त्या मोकळ्या जागेत लक्ष द्या. तानपुऱ्याच्या चार तारा वेगळ्या ऐकू येतात की एकत्र घोंगावतात? तबल्याच्या बायाची घुमक संपते कुठे? खरखर आहे ती फितीची की डबीची? गाणं थांबवून पाहिलं की हे कळतं. थांबवल्यावरही येते ती डबीची. मग आवाजाला नावं ठेवायला तयार व्हा, किंवा ठेवू नका, एवढं ऐकलं तरी कान बरेच तयार होतात.

बारीकसारीक तक्रारी

लॅपटॉप चार्जरवर असताना हेडफोनमध्ये गुंई-गुंई येते आणि चार्जर काढला की जाते, तर दोष डबीचा नाही, विजेच्या जोडणीचा आहे. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसतं. बॅटरीवर ऐका किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा. फोनमधून टर्रर्र येत असेल तर विमान मोड लावून पाहा. स्क्रीन बंद झाल्यावर गाणं अडखळत असेल तर त्या अ‍ॅपपुरती बॅटरी बचत काढून टाका. डोंगल कोमट होणं स्वाभाविक आहे, चटका बसण्याइतका तापणं नाही. आणि बॅटरीवाली डबी मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवू नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे.

कानाचा हिशोब डबी करत नाही, तुम्हालाच करावा लागतो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ही मोजणी कारखान्यांतल्या कामगारांसाठी आहे. फुरसतीने ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, असं सांगते. ताकदवान डबी स्वच्छ वाजते, कर्कश होत नाही, म्हणून आवाज किती चढलाय ते कळतच नाही. तासाभराने हेडफोन काढून मिनिटभर घरातला पंखा ऐका. पंखा नेहमीपेक्षा मंद वाटला तर समजा जास्त झालं.

भाच्याने ब्लूटूथचा हेडफोन बहिणीला देऊन टाकला, जेल रोडवरून एक साधा वायरचा इअरफोन घेतला आणि मुंबईला परतताना अवंतिकात बसला. उज्जैन ओलांडलं असेल नसेल, फोन आला. ‘मामा, बॅटरी तीस टक्क्यांवर आली. डोंगल लावलेला असताना चार्ज कसं करू?’ एका सी-पोर्टला दोन तोंडं करणारा, एका बाजूला चार्जर आणि दुसऱ्या बाजूला डेटा घेणारा स्प्लिटर मिळतो. पण स्वस्तातला असेल तर चार्जरची गुंई-गुंई त्यातून कानात येते. मी म्हटलं, ‘रतलामपर्यंत फोन नुसताच चार्जिंगला लाव, खिडकीतून बाहेर बघ. आणि पुढच्या वेळी ब्लूटूथ रिसीव्हर घे.’